पंधरा फुटांचे बिऱ्हाड

आम्हा शहरी मध्यमवर्गीयांची घराच्या बाबतीत एक ठरलेली चढण असते. आधी एक खोली, मग खोली आणि स्वयंपाकघर, मग ब्लॉक, मग गॅलरीचा ब्लॉक, आणि शेवटी गॅलरी आत घेऊन वाढवलेला ब्लॉक! प्रत्येक पायरीवर मनुष्य म्हणतो, "एवढी एक खोली वाढली की झाले." अशा लोकांना मी आज सांगू लागलो की, बागबगीचा असलेले घर आणि चोवीस तास गरम पाणी ज्यांच्या दिमतीला आहे अशी काही माणसे शनिवारी रात्री स्वतःच्या हाताने बांधलेल्या पंधरा फुटी होडीत, ताडपत्रीखाली, फळ्यांवर झोपायला जातात, तर या सदराचे जुने वाचक म्हणतील, लेखकाला फराळ बाधलेला दिसतो.

पण ही गोष्ट अगदी खरी आहे. इंग्लंडात अशा लोकांची एक संस्था १९५५ सालापासून चालू आहे. लहान, बिनछपराच्या शिडाच्या होडीतून नद्या-खाड्यांत भटकावे, रात्री नांगर टाकून होडीतच झोपावे, आणि सकाळी चहा पिऊन पुढे जावे, एवढाच तिच्या सभासदांचा कार्यक्रम. शर्यत नाही, ढाल नाही, पेला नाही. कोणी किती वेगाने गेले याची चौकशीही होत नाही. कोठे झोपलात, पाऊस आत आला का, आणि चहा वेळेवर मिळाला का, एवढेच विचारतात.

ही हौस पूर्वी पैसेवाल्यांची होती. होडी बांधायची म्हणजे कसबी सुतार हवा, वाकवलेल्या फासळ्या हव्यात, वाळलेले उत्तम लाकूड हवे. ती साध्या पगारदाराच्या हातात आली ती प्लायवूड आणि डिंकाच्या कृपेने. १९६३ साली लंडनच्या 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने एक लहानशी होडी लोकांपुढे ठेवली. जॅक होल्ट या नामांकित आराखडाकाराने आणि बॅरी बकनेल या, दूरचित्रवाणीवर लोकांना घरची सुतारकामे शिकवणाऱ्या गृहस्थाने मिळून ती रचली होती. लांबी १० फूट १० इंच. सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. शीड तांबडे, कारण तो त्या वर्तमानपत्राचा रंग!

तिची बांधणी ऐकून आमच्या घरातल्या मंडळींना गोधडीची आठवण झाली, आणि ती रास्तच होती. प्लायचे तक्ते ठरल्या आकारात कापायचे, कडेकडेने बारीक भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने एक तक्ता दुसऱ्याला चक्क शिवायचा. टाके आवळत गेले की सपाट तक्ते आपोआप वाकतात आणि होडीचे पोट तयार होते. मग सांध्यावर आतून-बाहेरून काचतंतूंची पट्टी राळेत भिजवून चिकटवायची, ती वाळली की तारांची टोके छाटून टाकायची. फासळ्या नाहीत, वाफेवर वाकवणे नाही. स्वयंपाकघराच्या टेबलाशी शिवणकाम करणारी बाई आणि गॅरेजात होडी शिवणारा तिचा नवरा, दोघांचे कसब एकाच जातीचे झाले. या एका नमुन्याच्या ७०,००० हून अधिक होड्या झाल्या. त्यातल्या कितीतरी कारकुनांनी, मास्तरांनी आणि शाळकरी मुलांनी बांधलेल्या.

आता लहान होडी म्हटली की लोकांना धाडसाच्या कथा आठवतात. त्याही आहेतच. नॉरफोकमध्ये मोटारींचा व्यवसाय करणारे फ्रँक डाय हे गृहस्थ १९६३ साली एका सोबत्याला घेऊन सोळा फुटी उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंडला गेले, आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला. नॉर्वेच्या वाटेवर वादळाने होडी पुनःपुन्हा उलटवली, डोलकाठी मोडली, तरी दोघे पोचले. ती होडी आता कॉर्नवॉलच्या सागरी संग्रहालयात आहे.

दुसरे रॉबर्ट मॅनरी. हे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचे काम करीत. जन्म मात्र आपल्या हिंदुस्थानातला, मसुरीजवळच्या लँडोरचा, वडील मिशनरी. मॅनरींनी एक जुनी साडेतेरा फुटी होडी विकत घेतली, घरीच डागडुजी करून तिला एक इवलीशी खोली जोडली, आणि १९६५ च्या १ जूनला रजा काढून अमेरिकेतल्या फॅलमथहून निघाले, ते ७८ दिवसांनी, १७ ऑगस्टला, इंग्लंडमधल्या फॅलमथला लागले! लाटांनी त्यांना अनेकदा होडीबाहेर फेकले. कमरेला बांधलेल्या दोराने परत आणले. स्वागताला धक्क्यावर हजारो माणसे उभी होती. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने असे काही करावे, याचा आमच्यासारख्या लेखकूंना विशेष आनंद वाटतो.

परंतु हे झाले वीरपुरुष. मला सांगायचे आहे ते माझ्या एका भाच्याविषयी, जो वीरपुरुष मुळीच नाही.

हा भाचा इंग्लंडात नॉरफोक परगण्यात राहतो. ज्या कंपनीत चोवीस वर्षे काढली तिने एका शुक्रवारी त्याला बोलावून, चार गोड शब्द आणि एक पाकीट देऊन घरी पाठवले. वय एक्कावन्न. घर होते, बायकोची नोकरी होती, अन्नाची ददात नव्हती. पण सकाळी आठ वाजता ज्याला कोठेही जायचे नाही अशा पुरुषाची घरात काय अवस्था होते, हे निवृत्त वाचकांना मी सांगायला नको. तो बोलेनासा झाला. भाचेसुनेने फोनवर मला सांगितले, "मामा, ते दिवसभर गॅरेजात असतात. काहीतरी कापत असतात. मी विचारत नाही."

कापत होता ते प्लायचे तक्ते होते. पंधरा फुटी होडीचे नकाशे त्याने विकत घेतले होते. न्यूझीलंडच्या जॉन वेल्सफर्ड यांच्यासारखे काही आराखडाकार घरी बांधणाऱ्यांसाठीच असे नकाशे काढतात. प्लायचा तक्ता आठ फुटी आणि होडी पंधरा फुटी. तेव्हा दोन तक्ते जोडणे आले. त्यासाठी दोन्हींच्या कडा उतरत्या तासून एकावर एक चिकटवतात. उतार जाडीच्या आठपट. म्हणजे सहा मिलिमीटरच्या प्लायला अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा. हा सांधा नीट साधला तर प्लाय दुसरीकडे मोडेल, तेथे मोडणार नाही. इपॉक्सी नावाची जी राळ आता वापरतात ती थंडीत लवकर धरत नाही, म्हणून तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गॅरेजात हीटर लावून सांध्यांजवळ बसून राही. राळेत लाकडाचे बारीक पीठ कालवून त्याची दाट लापशी करायची आणि ती सांध्याच्या कोनात चमच्याच्या पाठीने भरायची. घरातले चमचे कमी होऊ लागले तेव्हा भाचेसुनेने प्रथम प्रश्न विचारला, आणि नवराबायकोंचे बोलणे पुन्हा सुरू झाले!

दोन हिवाळे गेले. होडी पाण्यात उतरली, एप्रिलभर दिवसाउजेडी फिरली. रात्र मात्र तिच्यात कोणी काढली नव्हती. जूनमध्ये मी तिकडे गेलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, येता का? पहिली रात्र एकट्याने काढायची म्हणजे कसंसंच वाटतं."

आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या गुडघ्यांची यादीवार आठवण करून दिली. भाचेसून धक्क्यावर सोडायला आली. तिने एक जास्तीचे पांघरूण माझ्या हाती दिले आणि हळूच म्हणाली, "नाही जमलं तर परत या म्हणावं. घर कुठे जात नाही."

त्या भागाला ब्रॉड्स म्हणतात. नद्यांना जोडलेली उथळ तळी, एकूण जलमार्ग दोनशे किलोमीटरांच्या आसपास. कित्येक शतके लोक ही तळी निसर्गाची देणगी समजत होते. १९५० च्या दशकात डॉ. जॉइस लॅम्बर्ट या विदुषीने दाखवून दिले की, मध्ययुगात जळणासाठी माणसांनी खणलेले हे खड्डे आहेत. पुढे पाण्याची पातळी वाढली आणि ते बुडाले. माणसाच्या हातच्या तळ्यात माणसाच्या हातची होडी!

आम्ही बार्टन ब्रॉडवर गेलो. शीड उतरवले. तेथील तळाशी इतका मऊ गाळ आहे की नांगराचे दात त्यात धरत नाहीत. म्हणून नांगराऐवजी लोखंडाचा जड गट्टू दोरीने सोडतात, तो चिखलात रुतून बसतो. पाणी जेमतेम माणूसभर. काठाने बोरूची दाट बने. त्याच बोरूने तिकडे घरे शाकारतात.

उघड्या होडीत संसार थाटण्याची एक रीत असते, आणि ती मोडून चालत नाही. स्वयंपाक आधी, तंबू नंतर. कारण बंद तंबूत स्टोव्ह पेटवला तर विषारी वायू साचून झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. आम्ही खिचडी केली, पापड भाजला, मेतकूट मी मुंबईहून नेले होते. मग भांडी विसळून जागच्या जागी. मग शिडाचा आडवा दांडा उंच बांधून त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना सोडली. बसायच्या आडव्या फळीच्या पातळीला सुट्या फळ्या टाकल्या की झाला पलंग. जे लागेल ते उशाशी: विजेरी, पाण्याची बाटली, चष्मा. होडीत उठून उभे राहायचे नसते, त्यामुळे रात्री वस्तू शोधत हिंडण्याची सोयच नाही. डोलकाठीला पांढरा दिवा टांगला, म्हणजे अंधारात कोणी येऊन धडकू नये. तरंगायचे जाकीट मात्र मी उशीसारखे डोक्याखाली घेतले, कारण अंगावर आल्याशिवाय त्याचा भरवसा नाही आणि अंगात घालून झोप नाही.

जूनमध्ये तेथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. दोघेही पाय लांब करून पडलो. होडीच्या प्लायला पाण्याचे चुळचुळ चापट मारणे चालले होते. कानापासून पाणी सहा मिलिमीटरांवर! हा विचार मी एकदा केला आणि पुन्हा करायचा नाही असे ठरवले.

दोनच्या सुमारास पाठीला गार लागले. हात घालून पाहिला तर गादीखाली ओल. भाच्याला उठवावे की नाही, या विचारात मी पडलो होतो, तोच अंधारातून आवाज आला, "मामा, तुमच्या बाजूला ओलं आहे का?"

"आहे थोडं," मी म्हणालो.

त्यानंतर तो काही बोलला नाही. विजेरी लावली. गाद्या गुंडाळल्या, फळ्या उचलल्या. खाली कपभर पाणी जमले होते. तळ्याचे पाणी गोडे, त्यामुळे चाखून निवाडा होण्याजोगा नव्हता. विजेरीच्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसला. तो पाण्याकडे पाहत नव्हता, तळाच्या मधल्या लांब सांध्याकडे पाहत होता. दोन हिवाळे ज्याच्याजवळ बसून काढले तो सांधा. बुडण्याची भीती दोघांनाही नव्हती. काठ हाकेवर होता. पण त्या कपभर पाण्यात त्याचे काय बुडणार होते ते मला पुरते कळत होते.

त्याने स्पंजाने पाणी टिपले. जुन्या टॉवेलाने सांधा टोकापासून टोकापर्यंत कोरडा केला. विजेरी सांध्यावर रोखून ठेवली आणि म्हणाला, "दहा मिनिटं थांबू."

दहा मिनिटे म्हणजे किती, हे परीक्षेच्या निकालाच्या बोर्डाखाली उभे राहिलेल्यांनाच ठाऊक. आम्ही दोघे मांडी घालून त्या सांध्याकडे पाहत बसलो. तीन मिनिटे. पाच. सात. सांधा कोरडा ठणठणीत. नवव्या मिनिटाला माझ्या टकलावर एक थेंब पडला.

भाच्याने विजेरी वर केली. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला मोत्यांच्या माळा लागल्या होत्या! दोन माणसे रात्रभर श्वासातून बरेच पाणी बाहेर टाकतात. बाहेरची हवा गार, ताडपत्री गार, आणि होडीचा तळ तर पाण्याइतकाच गार. त्यावर ती वाफ दवासारखी जमते आणि ओघळून तळाशी येते. तंबू दोन्ही तोंडांनी गच्च बांधलेला. त्याने दोन्ही टोके वीतभर उघडली, गाद्यांखाली हवा खेळावी म्हणून फळ्यांत फटी सोडल्या. वारा आरपार गेला.

"सांधा कोरडा आहे, मामा," तो म्हणाला. मी हो म्हटले. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "सांधा कोरडा आहे." मग इतका गाढ झोपला की त्याचे घोरणे पाण्यावरून काठापर्यंत गेले असावे.

सकाळी धुके होते. बोरूच्या बनात दडलेला बगळ्याच्या कुळातला एक पक्षी रिकाम्या माठात फुंकर घातल्यासारखा घुमत होता. चहा पिताना त्याने त्या शुक्रवारची हकीकत मला प्रथमच सांगितली. शेवटी म्हणाला, "चोवीस वर्षं मी काय केलं ते कुणाला दाखवायचं म्हटलं तर दाखवता येत नाही. सगळं संगणकात होतं, तिथेच राहिलं. हे दाखवता येतं." त्याने तळाच्या सांध्यावर बोट ठेवले. त्यावर मी काही शहाणपण सांगितले नाही. चहा मात्र आणखी एक कप मागितला.

आता वाचक विचारतील, याचे आपल्याला काय? आपल्याला सातशे किलोमीटरांहून लांब किनारा आहे. कोळी बांधव होडीवर रात्री काढतात, तेथेच रांधतात, तेथेच निजतात; त्यांना याचे नवल नाही, तो त्यांचा पोटाचा उद्योग आहे. आम्ही मात्र गेटवेला लाँचमध्ये बसताना काठाकडची जागा मुलांना देत नाही. तरी आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. दिलीप दोंदे २००९-१० साली 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असे करणारे ते पहिले भारतीय. ती छप्पन्न फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि बांधणीच्या काळात दोंदे तिच्याबरोबर होते. होडीवर विश्वास बसायचा तर ती बांधताना पाहिलेली असावी, हे तेथेही खरे.

सामानाची अडचण नाही. पाण्यात टिकणाऱ्या प्लायसाठी आपल्याकडे आयएस ७१० हे मानक आहे, आणि तसा शिक्का असलेला प्लाय शहरातल्या मोठ्या दुकानांत मिळतो. मोसमही आपल्या सोयीचा. पावसाळ्यात समुद्राचे नाव काढायचे नाही. पण दिवाळीपासून होळीपर्यंत पाणी बरेचसे शांत असते. दुपारी खारा वारा, रात्री मतलई, असे त्याचे वेळापत्रक. मात्र आपल्या खाड्यांना ब्रॉड्स समजू नये. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरांपर्यंत फरक पडतो. ओहोटीला दोन मीटर पाणी असलेल्या जागी नांगर टाकला आणि भरतीने चार मीटर चढवले, तर खोली सहा मीटर. नांगराचा दोर निदान पाचपट म्हणजे तीस मीटर सोडावा लागतो. नवशिक्याने स्थानिक तांडेलाला विचारल्याशिवाय खाडीत रात्र काढू नये, आणि धरणाच्या जलाशयात उतरायचे तर संबंधित खात्याची परवानगी आधी घ्यावी.

जागा नाही ही सबब मात्र खरी आहे. पंधरा फुटी होडी तिसऱ्या मजल्यावर बांधली तर ती जिन्यातून उतरायची नाही. पण आपल्या शहरी घरात सगळ्यांनी मिळून हाताने बांधायची एक गोष्ट अजून शिल्लक आहे: दिवाळीतला मातीचा किल्ला. मुले दरवर्षी रायगड आणि प्रतापगड करतात. यंदा त्यांना सिंधुदुर्ग करायला सांगावे. शिवरायांनी त्याची बांधणी १६६४ साली सुरू केली. भोवती निळा कागद न पसरता परातीत खरे पाणी भरावे, आणि त्यावर पोस्टकार्डाचे तुकडे दोऱ्याने शिवून, मेण लावून केलेली एक होडी सोडावी. सकाळी उठल्यावर ती तरंगत आहे की नाही हे पाहायला घरातले मोठे माणूसच सर्वांच्या आधी धावत जाईल, याची मला खात्री आहे.